जिचं तिचं माप

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या साताऱ्यात वर्तमानपत्राच्या घडीतून कराटे क्लासची पत्रकं घरात येऊन पडतात. दोन वर्षांपूर्वी असंच एक पत्रक घेऊन मी मागच्या आळीतल्या एका बाईंकडे गेले. त्या चार घरी पोळ्या करतात. मुलगी सातवीत, अंगाने काडी, पण भलती चपळ. फी आमचं महिला मंडळ भरणार होतं. तरी आई तयार होईना. मीच तासभर बसून पटवलं. मुलीला स्वतःचं रक्षण करता यायला नको का, वगैरे नेहमीचं भाषण!

क्लासात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एकच हुकूम. दोन-तीन वर्षं शिकलेली दांडगी मुलं असोत की ही कालची पोर, शंभर बैठका आणि मैदानाला दहा फेऱ्या. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काकू, चक्कर येते हो." मी म्हटलं, "होईल सवय. रडायचं नाही." तिसऱ्या आठवड्यात ती मैदानावरच कोसळली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. सकाळी नुसता चहा पिऊन पळायची. पाळीत पोट दुखत असतानाही जायची, कारण सरांना सांगायचं कसं? तिच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच फार लागलं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. हे मला माहीत होतं, मैत्रिणींनो. गोळ्यावाटपाच्या कार्यक्रमात मीच ते माइकवरून सांगितलं होतं. तरी त्या पोरीचं रक्त आधी तपासून घ्यावं, हे सुचलं नाही.

माझं माहेर सांगलीकडचं. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने किताब जिंकला, तेव्हापासून माझ्या भाचीने कुस्तीचा हट्ट धरला होता. गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा तिच्याबरोबर तालमीत जाऊन बसले. म्हटलं, बघू तरी इथे काय चालतं.

वस्ताद साठीचे. आल्याआल्या प्रत्येकीला विचारतात, "काय खाऊन आलीस?" नव्या मुलींना पहिला महिनाभर कुस्ती नाहीच, पडायचं कसं, मान कशी सांभाळायची, एवढंच. बैठका जिच्या तिच्या वेगळ्या. वीसला पाय थरथरायला लागले की वीसवर थांब, पुढच्या आठवड्यात पंचवीस. थोराड मुलीला हलक्या मुलीशी लढवायचं तर थोरलीला ताकीद, "तू फक्त बचाव करायचा, पट काढायचा नाही." म्हणजे धाकटीला डाव टाकायला मिळतो आणि थोरलीचा बचाव पक्का होतो. पाळीचं बोलायला वस्तादांच्या घरच्या काकू आहेत. त्या दिवसांत सक्तीची सुट्टी नाही आणि सक्तीची मेहनतही नाही. जिला झेपेल तिने लढावं. मेहनत वाढल्यावर पाळी चुकायला लागली, तर मात्र आधी खाणं वाढवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

भाचीची तक्रार उलटीच. "आत्या, वस्ताद मला काही सुखाने जिंकू देत नाहीत गं." एकीला तिने सलग तीनदा चीत केलं, तर चौथ्या वेळी हुकूम आला की आता खालून सुरुवात करायची, म्हणजे ती वर, तू तिच्याखाली. हरली, रडली, पण महिन्याभरात खालून सुटायला शिकली. मला हे फार आवडलं. मुलगी आहे म्हणून हातचं राखून शिकवणारेही मी पाहिलेत. काही क्लासात तर दर तीन महिन्यांनी परीक्षेची फी भरली की नवा रंगीत पट्टा, नापास कुणीच नाही! त्या पट्ट्यावर भरवसा ठेवून मुलगी अंधारात एकटी निघाली तर?

मी बसलेली असताना एक वडील आले. तेरा वर्षांच्या मुलीचं वजन दोन किलो उतरवा म्हणजे खालच्या गटात खेळेल, म्हणाले. वस्तादांनी साफ नकार दिला. वाढत्या वयाच्या पोरीला उपाशी ठेवायचं नाही, वरच्या गटात हरली तरी चालेल. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीआधी 100 ग्रॅम जास्त भरली, तेव्हा रात्रभर वजन उतरवायची धडपड आपण वाचली होतीच. ती तर तिशीला आलेली, जाणती खेळाडू.

आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच, "जुन्या पैलवानांचे कुठे असले लाड होते?" अहो, आपल्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बघा. मातीत वाढलेला पैलवान 1948 साली लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला. मॅटची कुस्ती वेगळी, तिची तयारी वेगळी. ती त्यांनी पुढची चार वर्षं केली, तेव्हा 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आलं. याला लाड म्हणायचं का?

साताऱ्याला परतल्यावर त्या मुलीच्या घरी गेले. पोरगी आता नववीत. लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्त वाढलंय. दुसऱ्या क्लासात नाव घालू का, असं मी भीतभीतच विचारलं. ती आईकडे बघायला लागली. आई पीठ मळता मळता म्हणाली, "घाला ताई. पण ह्या खेपेला तुम्ही तिथं बसायचं."

सध्या सकाळी सहाला मी मैदानाच्या कठड्यावर बसलेली असते, डब्यात उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याचा लाडू घेऊन. काल तिने अठरा बैठका काढल्या.