इस्तंबूलचं उक्तं काम

आमच्याकडे कांदे लावायची टोळी दोन पद्धतींनी ठरते. एक रोजंदारीवर, दुसरी उक्ती. उक्त्यात एकरी भाव ठरतो आणि मग टोळीला घाई असते, कारण हा एकर उरकला की पुढच्या वावरात जायचं असतं. रोपं किती लागली, किती सुकली, ते शेतकऱ्यानं आठ दिवसांनी बघायचं. यात टोळीचा दोष नाही, भाव ठरवायच्या पद्धतीचा आहे. राहुरी, पारनेर, संगमनेर, कुठल्याही बांधावरचा माणूस हे तुम्हाला सांगेल. आणि त्याचाच इंजिनिअर झालेला पोरगा हिंजवडीतल्या फ्लॅटवर रात्री दीड वाजता मोबाईलवर 'तीन हजार ग्राफ्ट, चार रात्री हॉटेल, विमानतळावरून गाडी, सगळं एका भावात' ही इस्तंबूलची जाहिरात बघतो, तेव्हा त्याला हे उक्तं ओळखू येत नाही.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, कोड लिहितो, माझं कपाळ दोन्ही बाजूंनी मागं सरकलंय. त्यामुळे 'टकलात काय एवढं, आत्मविश्वास हवा' हे भरगच्च केसांच्या लोकांचं प्रवचन मी करणार नाही. ज्याला केस लावून घ्यायचे आहेत त्यानं लावावेत. माझं भांडण विमानाच्या तिकिटाशी आहे.

आधी हिशोब. संगमनेरकडचा माझा एक मित्र गेल्या वर्षी जाऊन आला. त्याच्या परवानगीनं आकडे देतो. पॅकेज अडीच हजार युरो, म्हणजे साधारण अडीच लाख रुपये. विमान अठ्ठेचाळीस हजार. व्हिसा आणि प्रवास विमा वीस हजार. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा व्हिसा हातात असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा चटकन मिळतो. आपल्या पोरांकडे तो नसतो, म्हणून कागद घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. तिथलं खाणंपिणं, औषधं, परत आल्यावरच्या शाम्पू-फवाऱ्यांचे बावीस हजार. झाले तीन लाख चाळीस हजार. त्यातले तीन लाख पर्सनल लोनचे, चौदा टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सव्वादहा हजारांच्या आसपास, नुसतं व्याज एकोणसत्तर हजार. एकूण चार लाखांच्या वर. नऊ दिवसांची रजा मी धरलेलीच नाही.

तेवढ्याच कामाचा भाव मी पुण्यात एका प्लास्टिक सर्जनकडे विचारून आलो होतो. दीड लाख, वर अठरा टक्के जीएसटी. (हेअर ट्रान्सप्लांटला इतर उपचारांसारखी जीएसटीतून सूट नाही, आणि सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणून आरोग्य विमाही सहसा हात वर करतो.) म्हणजे एक लाख सत्त्याहत्तर हजार. पीएमपीच्या बसनं जाता येतं.

मग 'तुर्कीत स्वस्त पडतं' हे वाक्य आलं कुठून? ते आलं इंग्रजांकडून आणि जर्मनांकडून. लंडनच्या माणसाला घराजवळ जो खर्च येतो त्याच्या तुलनेत इस्तंबूल खरंच स्वस्त आहे, म्हणून तर त्या विमानांना गमतीनं 'टर्किश हेअरलाइन्स' म्हणतात. ते गणित पौंडातलं आहे. आपण ते रुपयात जसंच्या तसं उचललं. आणि गंमत बघा, परदेशात राहणारे आपले मराठी लोक दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन दातांचं, डोळ्यांचं, केसांचं काम उरकून जातात, कारण त्यांच्या डॉलरला हे स्वस्त पडतं. ते इथं उतरतात तेव्हा आमचं पोरगं उलट दिशेच्या विमानात बसलेलं असतं.

एवढं साधं गणित इंजिनिअरांना येत नाही असं नाही. येतं. मित्राला मी विचारलं तेव्हा त्यानं खरं कारण सांगितलं: "भावा, पुण्यात केलं असतं तर आठ दिवस सुजलेलं डोकं घेऊन कुठं लपलो असतो? इथं कंपनीत सांगितलं फिरायला चाललोय. घरी सांगितलं कंपनीनं पाठवलंय." म्हणजे दोन लाखांवर जे जास्तीचे गेले, ते लपण्याचे गेले. इस्तंबूल आपल्याला केस विकत नाही. ते आपल्याला पाच हजार किलोमीटरचा आडोसा विकतं. मे २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या सफरचंदांवर पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला, तेव्हा हाच मित्र स्टेटसवर मोठा देशभक्त झाला होता. डोक्यावर टोपी घालून.

आडोशाची किंमत पैशात संपली असती तरी मी गप्प बसलो असतो. पण इथं शस्त्रक्रियेबद्दल थोडं समजून घ्यायला हवं. ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस एकही तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातली मुळं सहसा टकलाला बळी पडत नाहीत, आणि पुढं लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख या डॉक्टरांनी हे मांडलं. त्याआधी १९३९ मध्ये जपानचे ओकुडा असंच तंत्र लिहून गेले होते, पण युद्धाच्या धामधुमीत ते जपानबाहेर कुणी वाचलं नाही. आज मिलिमीटरभर व्यासाच्या, कधी त्याहून बारीक सुईनं एकेक मूळ काढतात आणि पुढं लावतात. कांद्याचीच लागवड. फरक एवढाच, की कांद्याचं रोप कमी पडलं तर पुन्हा बी टाकता येतं. मागच्या पट्ट्यातून काढलेलं मूळ तिथं परत येत नाही. ही रोपवाटिका आयुष्यात एकदाच मिळते.

आता अठ्ठाविसाव्या वर्षी माझं टक्कल संपलेलं नाही, चालू आहे. पुढची रेषा खाली ओढून तीन हजार मुळं आत्ताच खर्च केली आणि मधलं रान पुढच्या दहा वर्षांत ओसाड झालं, तर कपाळावर एक बेट उरतं आणि मागं वाळवंट. ते भरायला रोपं शिल्लक नसतात. म्हणून चांगला डॉक्टर तरुण पोराला आधी थांबवतो, वडील-मामांचे फोटो मागतो, मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टराइडनं गळती धरते का ते वर्षभर बघतो. ही औषधं जुनी आहेत. फिनास्टराइडला टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्येच मान्यता मिळाली. ती बंद केली की फायदाही ओसरतो, आणि काही पुरुषांत फिनास्टराइडनं लैंगिक इच्छा कमी होते, म्हणून ती डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायची. 'थांब' हा सल्ला पॅकेजमध्ये बसत नाही. हॉटेल बुक झालेलं असतं.

आणि सुई कोणाच्या हातात असते? केस प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना काही वर्षांपासून ओरडून सांगतेय, की काळ्या बाजारातल्या क्लिनिकांत डॉक्टर फक्त भिंतीवरच्या फोटोत असतो आणि चिरा परवाना नसलेले लोक देतात. माझ्या मित्राला डॉक्टर भेटले, कपाळावर पेनानं रेघ मारली आणि गेले. पुढचे सात तास दोन मुली आणि एक मुलगा काम करत होते. त्यांची नावं त्याला माहीत नाहीत. निघताना हातात पडलं ते एक प्रमाणपत्र, एक टोपी आणि मानेची उशी. किती मुळं काढली, भुलीचं औषध किती दिलं, याचा कागद नाही.

तीन आठवड्यांनी त्याच्या डोक्यात पुळ्या उठल्या, पू झाला. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, 'नॉर्मल आहे, धुवत राहा.' तो गावाकडं आला होता. तालुक्याच्या डॉक्टरांना त्यानं सांगितलं, कोंडा झालाय. कारण शेजारी आई बसली होती. पुळ्यांवर कोंड्याचं मलम लागलं. या प्रसंगावर मी हसू शकत नाही.

इथंही सगळं सोनं आहे असं नाही. मुंबईत, चेन्नईत ट्रान्सप्लांटनंतर माणसं दगावली आहेत. २०२५ मध्ये कानपूरचं प्रकरण गाजलं. दोन इंजिनिअर गेले आणि काम करणाऱ्या बाई दंतवैद्य असल्याचं बाहेर आलं. पण फरक नीट बघा. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ती कुणी करायची, मदतनीस कुणाच्या देखरेखीखाली हवेत हे त्यात आहे, आणि यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे हेही चक्क लिहावं लागलंय. कानपुरात पोलिसांत गुन्हा दाखल झाला, त्या बाई कोर्टात शरण आल्या. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून पैसे घेऊन केलेली डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली येते, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे पुण्याच्या डॉक्टरला तुम्ही नगरच्या (कागदावर आता अहिल्यानगरच्या) आयोगासमोर उभं करू शकता. इस्तंबूलच्या क्लिनिकची नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार? सोबतच्या एजंटनं नंबर बदलला की विषय संपला.

राहिला प्रश्न लपायचं का, याचा. यात मी एकट्या पोरांना धरणार नाही. स्थळं बघणारे मध्यस्थ फोनवर पॅकेजनंतर लगेच विचारतात, "मुलाचे केस कसे आहेत?" मला एकानं सांगितलं, कॉलेजचा फोटो लावा. आमच्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८८४ मुली होत्या. ती माझी पिढी. २०११ मध्ये त्या ८५२ झाल्या. ज्या घरांनी सोनोग्राफीच्या काळ्या बाजारात मुली गाळल्या, तीच घरं आज मुलाच्या कपाळाकडं बघून हैराण आहेत. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये पोरं नवरदेव बनून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा घेऊन गेली. एवढ्या टंचाईत मुलीच्या घरच्यांनी चार गोष्टी पारखून घेतल्या तर मला त्यांचा राग येत नाही. उलट शंभर वर्षांपूर्वी केस हा बाईच्या लग्नाचा निकाल होता. विधवेचे केस उतरवले की ती बाजूला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी तो वस्तरा खाली ठेवला. त्या बायांना पॅकेज नव्हतं आणि टोपीही नव्हती. आपल्या दुःखाचं माप घेताना हे लक्षात असलेलं बरं.

आणि टक्कल चारचौघांत आणलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस आठवडाभरात मूठमूठ हातात येऊ लागले. बाया, पोरं, म्हातारे. चॅनेलांनी 'टक्कल व्हायरस' म्हणून टिंगल केली. पण ते लोक लपले नाहीत, डोकी दाखवायला पुढं आले. म्हणून पाणी तपासलं गेलं, दिल्लीहून शास्त्रज्ञ आले, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. त्यातली अर्धी माणसं कोंडा झालाय म्हणून घरात बसली असती, तर गव्हापर्यंत कोण पोचलं असतं?

माझ्या मित्राच्या पुळ्या शेवटी पुण्यात बऱ्या झाल्या. मागच्या पट्ट्यात मात्र डावीकडं रुपयाएवढा पांढरा डाग राहिलाय. एकाच जागेतून जास्त मुळं उपटली, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे केस बरे आलेत, हेही सांगायला हवं.

तुमचं बुकिंग झालं असेल आणि रद्द करायचं नसेल तर निदान एवढं करा. सुई कोण चालवणार त्या माणसाचं नाव आणि पदवी लेखी मागा. किती मुळं काढली आणि कुठली औषधं दिली, याचा कागद घेतल्याशिवाय पैशाचा शेवटचा हप्ता देऊ नका. इथला एक त्वचारोगतज्ज्ञ जाण्याआधीच गाठून ठेवा. आणि घरात एकाला तरी खरं सांगून जा, बहिणीला सांगा, आत्याला सांगा. पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून उताणं झोपावं लागतं, गोळ्यांच्या वेळा पाळाव्या लागतात, आणि ताप आला तर डॉक्टरकडं नेणाऱ्या माणसाला काय झालंय ते माहीत असावं लागतं.