वारस नव्हे, शिष्य : जुन्या मोटारींच्या छंदाविषयी

जुन्या मोटारी जतन करण्याचा छंद आजच्या तरुणांच्या हाती टिकेल काय, हा प्रश्न संग्राहकांच्या बैठकींत वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या सुरातच असते. तरुणांना यंत्राचे प्रेम उरलेले नाही. भाड्याची गाडी दारात येऊन उभी राहिली की त्यांचे काम भागते. आमच्यामागे हे सारे भंगारात जाणार. मराठीच्या अध्यापकांना हा सूर परका वाटू नये. 'विद्यार्थी वाचत नाहीत' हे आपल्या विभागांतील नित्याचे रडगाणे याच चालीवर म्हटले जाते. म्हणूनच जुने ग्रंथ नव्या हातांत देणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा आम्हां लोकांना या वादात बोलण्याचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : हा छंद मेला तर तो तरुणांच्या अनास्थेने मरणार नाही. तो ज्येष्ठांच्या मालकीवृत्तीने, अभिजाताच्या संकुचित व्याख्येने आणि हातातले ज्ञान नोंदवून न ठेवण्याच्या आपल्या जुन्या खोडीने मरेल.

प्रथम आठवणींचा मुद्दा घेऊ. असे गृहीत धरले जाते की, माणूस आपल्या लहानपणच्या गाडीवरच प्रेम करतो. तेव्हा ती गाडी पाहिलेली पिढी गेली की प्रेमही गेले. हे गृहीतक एका उदाहरणाने कोसळते. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी इंग्लंडात मोटारींवरील वेगमर्यादा शिथिल झाल्याच्या आनंदात लंडनहून ब्रायटनला मोटारी निघाल्या. १९२७ मध्ये त्या घटनेच्या स्मरणार्थ ही यात्रा पुन्हा सुरू झाली आणि युद्धकाळासारखे अपवाद सोडता आजतागायत दर नोव्हेंबरात निघते. तीत १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. त्या गाड्या नव्या असताना ज्यांनी त्या पाहिल्या, त्यांतील कोणीही आज हयात नाही. तरीही सुमारे शंभर किलोमीटरचे ते अंतर पावसाथंडीत, उघड्या आसनावर बसून, वाटेत बंद पडत आणि दुरुस्त होत कापणारे लोक मिळतातच. त्यांच्या प्रेमाचे मूळ बालपणीच्या आठवणीत नाही. वस्तू समजून घेण्याच्या आनंदात ते आहे. ज्ञानेश्वरी वाचण्यासाठी नेवाशास जन्म घ्यावा लागत नाही, तसेच हे.

आपल्याकडचा पुरावा याहून जवळचा आहे. यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. आज महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत ती हौसेने बाळगणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा जन्म तिचे उत्पादन थांबल्यानंतरचा आहे. ही मुले सुटे भाग धुंडाळतात, इंजिन उघडून त्याचे चित्रीकरण करतात आणि ते चित्रीकरण फुकट सर्वांपुढे ठेवतात. त्यांच्यापैकी काही जण सायलेन्सरची तोडफोड करून गल्लीची झोप उडवतात, हे आम्हांस ठाऊक आहे आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु 'तरुणांना जुन्या यंत्रांत रस नाही' हे विधान मात्र या मुलांच्या डोळ्यांदेखत करता येणार नाही. ज्यांना ही मुले दिसत नाहीत, त्यांना ती पाहायचीच नाहीत.

ती का दिसत नाहीत, याचे उत्तर अभिजाताच्या व्याख्येत सापडते. भारतात या छंदाचे सार्वजनिक रूप रॅलींनी घडवले. दिल्लीत 'स्टेट्समन'ची रॅली १९६४ पासून सुरू झाली. या रॅलींनी आणि त्यांच्या वार्तांकनाने एक श्रेणी रूढ केली : अग्रस्थानी संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, खालोखाल अमेरिकन लांबलचक गाड्या, आणि फार तर शेवटी, सहिष्णुतेचा भाग म्हणून, एखादी मॉरिस. राजाने बाळगले ते अभिजात, प्रजेने वापरले ते भंगार, असा हा न्याय आहे. साहित्याच्या इतिहासात हाच न्याय आपण दीर्घकाळ चालवला. पंडिती काव्याला पहिली पंगत आणि लावणीला ओसरी, अशी व्यवस्था मोडण्यास किती काळ लागला, हे वाचकांना सांगावयास नको.

वस्तुतः महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या मोटारेतिहासाचे खरे केंद्र राजवाड्यात नसून कुर्ल्यात आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० च्या आवृत्त्या बाहेर पडल्या आणि त्यांतलीच एक पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. हँडलाशेजारचा तो गियर, ते लांब आसन आणि ती काळी-पिवळी रंगसंगती यांनी मुंबईतील लक्षावधी अनामिक प्रवासांना आकार दिला. टॅक्सी म्हणून नोंदलेली अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून हळहळ पुष्कळ झाली. आमचा प्रश्न एवढाच आहे : ज्या गाडीत बहुतेक मुंबई बसली, ती गाडी अभिजात ठरण्यास तिने आधी नाहीसे व्हावे, अशी अट कोणी घातली?

आता कायद्याकडे वळू. कारण व्याख्येचा हा दोष तेथेही उतरला आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन 'व्हिंटेज' वाहनांना स्वतंत्र स्थान मिळाले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आहे, आणि प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, संशोधन अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु पंधरा ते पन्नास या वयांमधल्या गाडीचे काय? खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली. म्हणजे तिला 'व्हिंटेज' म्हणवून घेण्यास २०३३ उजाडावे लागेल.

या मधल्या पस्तीस वर्षांत पिढीचा प्रश्न अडकला आहे. पंचविशीतल्या नोकरदाराला १९३० ची गाडी परवडणे शक्य नाही. त्याच्या आवाक्यात असते ती १९९० च्या सुमाराची मारुती किंवा पद्मिनी, आणि नेमक्या त्याच गाडीला कायदा 'जुनाट' म्हणतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर या क्षेत्राची जी महासंस्था आहे ती 'फिवा'. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या व्याख्येप्रमाणे तीस वर्षांचे, मूळ रूपात राखलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक ठरते. आपल्याकडेही तीसच वर्षांची रेषा असावी, आणि त्याबदल्यात वापरावरचे निर्बंध खुशाल कडक असावेत. संग्राहकांच्या ज्या मंडळांना छंदाच्या भवितव्याची चिंता आहे, त्यांनी तरुणांना दोष देण्यात घालवलेला वेळ या एका मागणीत घातला असता तर अधिक उपयोग झाला असता.

तिसरा मुद्दा ज्ञानाचा, आणि साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत जिव्हाळ्याचा. जुनी गाडी 'नवीकोरी' करून मिरवणे म्हणजे जतन, ही समजूत आपल्याकडे रुजली आहे. मूळ रंग खरवडून काढून त्यावर मूळ रंगाहून अधिक चमकणारा रंग चढवावयाचा, मूळ कापड फाडून चामडे बसवावयाचे, आणि त्या वस्तूस अस्सल म्हणावयाचे. हस्तलिखितात जुने शब्दरूप दिसले की ते 'शुद्ध' करून टाकणाऱ्या नकलकाराचीच ही जात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. त्या सत्तेचाळीस वर्षांच्या कामाने आपल्याला शिकवले ते हेच की, उपलब्ध पाठ आणि आपल्याला सुंदर वाटणारा पाठ यांत फरक करावा, आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. 'फिवा'ने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीनची सनद मोटारींच्या बाबतीत जवळजवळ तेच सांगते : शक्य तितके मूळ राखा, बदल करणे भाग असेल तर तो बेताचा आणि परत फिरवता येईल असा असू द्या, केलेले लिहून ठेवा, आणि गाडी चालती ठेवा. गाडीच्या बाबतीत 'पाठ' म्हणजे केवळ पत्रा नव्हे; तिचे चालणे हाही पाठच आहे.

ते चालणे ज्याच्या हातात आहे त्या माणसाची दखल कोण घेतो? कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून कानाने इंजिनाची लय लावणारा, पॉइंट घासून त्यांतले अंतर नजरेने जुळवणारा, न मिळणारे गॅस्केट कापून बनवणारा मिस्त्री हा या परंपरेचा खरा भाष्यकार आहे. रॅलीच्या बक्षिसावर नाव मालकाचे असते. मिस्त्री गर्दीत हात पुसत उभा असतो. त्याचे ज्ञान मौखिक आहे, आणि मौखिक परंपरा नोंदणाऱ्यावाचून कशा लुप्त होतात हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पुरते अनुभवले आहे. त्याचा मुलगा आज इंधन-अंतःक्षेपणाची आणि संगणकीय तपासणीची कामे शिकतो, कारण त्यात पोट भरते. याला अनास्था म्हणणे हा उद्धटपणा आहे. ज्याला जुन्या गाड्या चालत्या हव्या आहेत, त्याने आधी मिस्त्रीच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला पगार द्यावा.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळण्याचा आमचा हेतू नाही. जुन्या गाडीच्या धुरावर आजच्या गाडीसारखे नियंत्रण नसते. हवा बिघडलेल्या शहरांत हा छंद पोसावा कशाला, असे अनेक विचारी तरुण विचारतात. हा प्रश्न त्यांच्या उदासीनतेतून आलेला नसून जबाबदारीतून आला आहे. त्याचे उत्तर मापनात आहे. वर्षातून काही वेळा निघणारी गाडी आणि रोज चाळीस किलोमीटर धावणारी गाडी यांचा हिशेब एक नव्हे. म्हणूनच वापरावरील निर्बंध संग्राहकांनी कुरकुर न करता स्वीकारले पाहिजेत. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोचले. ते जुन्या रबरी भागांना मानवत नाही, पाणी धरते, टाक्या गंजवते, अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. परंतु त्यावर उपाय आहेत : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदे बसवावेत, गाडी फार काळ उभी ठेवू नये. हेही पुन्हा ज्ञानाचेच काम आहे.

बाजार मात्र ज्ञानावाचून काम भागवू पाहतो. आकुर्डीत जन्मलेली चेतक स्कूटर १९७२ ची. तेच नाव २०२० पासून विजेवरच्या नव्या स्कूटरवर मिरवते. त्या स्कूटरविषयी आमची तक्रार नाही. ती चांगलीही असेल. पण नाव राहिले म्हणजे परंपरा राहिली, असे समजणाऱ्यांनी सावध असावे. जुन्या चेतकला कलती करून मग किक मारावी लागे, ही आठवण विनोदाला पुरते. ती का कलती करावी लागे हे ज्याला कळते, त्याच्यापाशीच परंपरा असते.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि त्यांतला भेद अर्थपूर्ण आहे. हौसेला पैसा लागतो, नादाला बेफिकिरी लागते, आणि व्यासंगाला शिष्य लागतात. आजवर हा छंद हौस म्हणून चालला. म्हणून त्याला वारसाची चिंता पडली आहे. वारस न्यायालयातही मिळतो, परंतु त्याला मिळते ती वस्तू. संग्राहकांनी आपली गॅरेजे महिन्यातून एक दिवस शिकू पाहणाऱ्यांना उघडावीत, मिस्त्रींच्या मुलाखती नोंदवाव्यात, दुरुस्तीच्या वह्या प्रसिद्ध कराव्यात, कोणाच्या पद्मिनीला किंवा मारुतीला रॅलीच्या दारातून परत पाठवू नये. एवढे करून कोणी आले नाही, तर मग तरुणांना खुशाल दोष द्यावा. तोवर ही तक्रार आम्हांस अशा ग्रंथपालासारखी वाटते, जो कपाटाला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून, वाचक येत नाहीत म्हणून उसासे टाकीत बसला आहे.