नांदूरघाट परिसरातील मानसिक आरोग्यसेवेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, बीड
प्रत : मा. जिल्हाधिकारी, बीड, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, बीड

विषय : ग्रामीण रुग्णालय, नांदूरघाट येथे ठरलेल्या दिवशी मनोविकार बाह्यरुग्ण सेवा मिळणे आणि ऊसतोड मजुरांच्या उपचारात खंड न पडणे.

मानसिक आजाराचा उपचार महिनोन्‌महिने चालतो, आणि केज तालुक्यातील असंख्य कुटुंबे वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. नैराश्यावरील गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने चालू ठेवावी लागते. पावसाळ्यात सुरू झालेला उपचार त्यामुळे नेमका फडावर तुटतो. लिथियम घेणाऱ्याचे आणखी अवघड. उन्हात घाम गेला आणि पाणी पोटात कमी पडले की रक्तातील त्याचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते, म्हणून रक्ततपासणी वेळच्या वेळी व्हावी लागते. फिटच्या रुग्णाची गोळी चुकली आणि हातात कोयता असला तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळाली पाहिजे. रुग्णाला त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये. अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत सदैव मोफत असावीत, असेही तेच कलम सांगते. ग्रामीण रुग्णालय याच पातळीवरचे. म्हणजे येथे मागितले जाते आहे ते सवलत म्हणून नव्हे.

राज्याची ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही. जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोखंडी सावरगाव येथे वृद्धत्व व मानसिक आजार केंद्राची इमारतही उभी राहिली, आणि २०२० मध्ये ती कोविड रुग्णालय म्हणून कामी आली. अडते ते अंतरापाशी. ज्याला झोप नाही, घराबाहेर पडण्याची उमेद नाही, त्याने सोबतीला एक माणूस घेऊन, दोघांची मजुरी बुडवून, एसटी बदलत अंबाजोगाई गाठायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे. दोन-तीन खेपांनंतर हे थांबते, आणि कागदावर नोंद होते ती ‘रुग्ण पुन्हा आला नाही’ अशी.

आजार ओळखण्याची पायरीही कच्ची आहे. ‘मन उदास आहे’ असे सांगत कोणी दवाखान्यात येत नाही. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, डोके जड, झोप नाही, अशा तक्रारी येतात आणि ताकदीच्या इंजेक्शनवर भागते. देवऋषीकडे जाणे त्याआधीच झालेले असते. आशा कार्यकर्ती घरोघरी जो आजारांच्या जोखमीचा सी-बॅक तक्ता भरते त्यात नैराश्याचे दोन प्रश्न आहेत, पण तो तक्ता तिशीपुढच्यांसाठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मात्र आत्महत्या करणाऱ्यांत १८ ते ३० हा वयोगट सर्वांत मोठा असतो. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळला आणि नैराश्य-चिंतेसारख्या विकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना होते. हे बदलता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांना हाताशी धरले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

शेतकरी आत्महत्यांत बीड वर्षानुवर्षे पुढे आहे. मृत्यूनंतर सातबारा, कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा हे सारे तपासून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते आणि पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात. मागे राहिलेल्या पत्नीची झोप, मुलाची शाळा, घरातले पुढचे भय यांची विचारपूस त्या फायलीत कुठे बसत नाही. अशा घरात धोका अधिक असतो, हे ठाऊक असूनही. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ या समुपदेशन प्रकल्पाचा हेतू नेमका अशी विचारपूस करण्याचा होता.

यास्तव परिसरातील ग्रामस्थांची मुख्य मागणी अशी की, ग्रामीण रुग्णालयाच्या आकृतिबंधात मनोविकारतज्ज्ञाचे पद नसल्याने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने दरमहा ठरलेल्या वारी, शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी, नांदूरघाटला यावे आणि पुढील तीन महिन्यांच्या तारखा दर्शनी फलकावर लावाव्यात. मधल्या काळात वैद्यकीय अधिकाऱ्याने ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेवरून अंबाजोगाईच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. औषधे रुग्णालयाच्याच खिडकीवर मिळावीत.

दुसरी मागणी सप्टेंबरची आहे. कोयता निघण्याआधी विशेष शिबिर घ्यावे, स्थिर रुग्णांना तज्ज्ञांच्या सल्ल्याने जास्तीत जास्त मुदतीची औषधे द्यावीत आणि मराठीतील उपचारपत्रिका हाती द्यावी. ती दाखवताच कारखान्याजवळच्या शासकीय रुग्णालयात पुढची औषधे मिळतील, असे लेखी पत्र संबंधित जिल्ह्यांना जावे. पत्रिकेवर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक असावा. फोनवर पाठपुरावा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे सोपवता येईल.

आशांनी नैराश्याचे ते दोन प्रश्न १८ वर्षांपुढील सर्वांना विचारावेत आणि या जादा कामाचा मोबदला त्यांना मिळावा. आत्महत्याग्रस्त घरी तलाठी जातो त्याच आठवड्यात समुपदेशकही जावा. मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेल्यांच्या प्रमाणपत्रासाठी वर्षातून दोनदा नांदूरघाटलाच तपासणी ठेवावी. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज त्याच टेबलावर घेता येतील.

पथकाच्या पहिल्या भेटीची तारीख तीस दिवसांत लेखी कळवावी, ही विनंती.

नांदूरघाट व परिसरातील ग्रामस्थ
ता. केज, जि. बीड