न आलेल्या बाईचं मत कुणाला?

गावातलं दारूचं परवानाधारक दुकान बंद करायचं असेल, तर महाराष्ट्रातल्या बायकांना कायद्याने एक रस्ता दिला आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या निदान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की प्रशासनाला गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. दुकान राहू द्या म्हणणाऱ्यांसाठी उभी बाटली, बंद करा म्हणणाऱ्यांसाठी आडवी. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही शिक्का कुठे मारायचा ते विचारावं लागत नाही. आडवी जिंकली की जिल्हाधिकारी दुकान बंद करतात.

मेख आहे ती या 'जिंकली' शब्दात. सरपंच किंवा आमदार व्हायला समोरच्यापेक्षा एक मत जास्त मिळालं तरी पुरतं. आडव्या बाटलीला तेवढ्याने भागत नाही. गावातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं तिला पडावी लागतात. समजा यादीत १,८०० बायका आहेत. मतदानाला हजार जणी आल्या. ८८० जणींनी आडवीवर शिक्का मारला, १२० जणींनी उभीवर. दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीत अशा विजयानंतर गुलाल उधळला गेला असता. इथे दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला उघडतं, कारण ९०१ चा आकडा गाठला गेला नाही. ज्या आठशे जणी फिरकल्याच नाहीत, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतात.

या आठशे जणी कोण असतात, हे सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी जवळून पाहिलं. रात्रीची जेवणं आटोपून बायका अंगणवाडीच्या खोलीत जमल्या होत्या. मतदार यादीची पानं सतरंजीवर पसरलेली, बारावीतली एक मुलगी एकेक नाव मोठ्याने वाचत होती. "ती वडूजला दिली न्हवं, लेक दहावीला आली तिची." "आत्याबाई जाऊन दोन पावसाळे झाले." "ती कोपरखैरण्याला असती, जत्रेला येती फक्त." मुलगी पेन्सिलीने नावापुढे खूण करत होती, लग्न होऊन गेलेलीला एक, वारलेलीला एक, बाहेरगावी राहणारीला एक. पान उलटलं की खुणांची संख्या पाहून खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नसे. कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क बाई मग म्हणाल्या, "म्हंजी मेलेल्या बाया बी दुकानाच्याच बाजूनं?" त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. कायदा नेमकं तेच सांगतो.

ही यादी वेळेत स्वच्छ झाली नाही तर लढाई सुरू होण्याआधीच शे-दोनशे मतांनी हरलेली असते. बीड, पाथर्डीकडची गावं तर आणखी अडचणीत. दसरा-दिवाळीनंतर तिथल्या बायका नवऱ्याबरोबर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मधल्या महिन्यांत मतदान लागलं, तर ज्यांच्या उचलीचे पैसे गुत्त्यावर गेले त्याच बायका गावात नसतात. दुकान टिकवू पाहणाऱ्याला कुणाचं मन वळवायची गरज नाही. बायका घराबाहेर पडल्या नाहीत म्हणजे झालं. सासऱ्याची नाराजी, नवऱ्याने भरलेला दम, त्या दिवशीचा बुडणारा रोज, यातलं एकेक कारण बाईला उंबऱ्याच्या आत ठेवायला पुरेसं आहे. मतदान गुप्त असलं तरी घराबाहेर पडणं गुप्त राहत नाही. साऱ्या गल्लीला ते दिसतं.

त्याआधी सह्यांच्या पडताळणीचा टप्पा असतो. सही करणाऱ्या बाईला पुन्हा हजर राहून, ओळखपत्र दाखवून, सही माझीच आहे असं सांगावं लागतं. खोट्या सह्या होऊ नयेत हे बरोबरच आहे. पण या कामात राज्य उत्पादन शुल्क विभागाचा हात असतो आणि दारूपासून मिळणारा महसूलही हाच विभाग गोळा करतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे कर वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित धरला होता. एवढी अपेक्षा डोक्यावर असलेल्या खात्याकडून दुकान बंद करण्याच्या कामात तत्परतेची आशा मला वाटत नाही. पडताळणी पूर्णपणे महसूल किंवा ग्रामविकास खात्याकडे द्यावी. अधिकाऱ्यांच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही. एकाच माणसाला दोन उलट कामं सांगू नयेत, एवढंच म्हणणं आहे.

ग्रामसभांच्या कारभारावर या जागेत मी सातत्याने लिहीत आले आहे, त्यामुळे गावपातळीवरच्या निर्णयाकडे माझा ओढा आहे हे वाचकांना माहीत आहे. चंद्रपूरने तो आणखी पक्का केला. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या बायका चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर चालत गेल्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली. बंदी असताना चोरटी दारू फोफावली होती, हे खरं आहे आणि उठवणाऱ्यांनी तेच कारण पुढे केलं. पण अंमलबजावणी ढिली पडली त्याची शिक्षा ज्यांनी पायपीट करून बंदी आणली त्यांनाच झाली. जिल्ह्याचा निर्णय मुंबईत होतो आणि मुंबईतच फिरतो. गावाने स्वतः केलेला निर्णय गावाला राखता येतो, अर्थात राखायची तयारी असेल तर.

ती तयारी कशी दिसते, ते शेजारच्या गडचिरोलीत पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्यानंतरही दारू आली. वैनगंगेच्या पलीकडून आली, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमेवरून आली, जंगलातल्या मोहापासून गावातच गाळली गेली. म्हणून २०१६ पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात गावातली संघटना, कायद्याची अंमलबजावणी, लोकजागृती आणि व्यसनींवर उपचार ही चारही कामं एकत्र चालतात. बायका रानात शिरून नाल्याकाठी पुरलेले ड्रम शोधतात, आतला मोहाचा सडवा जमिनीवर ओततात, पोलिसांना बोलावून पंचनामा करायला लावतात. त्या आंबलेल्या फुलांचा वास हातांना दिवसभर सोडत नाही. आणि महिन्याभरात नवा ड्रम पुरला जातो, तेव्हा पुन्हा जावं लागतं. बंदी टिकते ती या पुन्हा पुन्हा जाण्याने.

चोरटी विक्री करणाऱ्यावर नेहमी महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई) खाली गुन्हा नोंदवला जातो आणि थोड्याच वेळात तो पुन्हा धंद्यावर बसलेला दिसतो. त्याच कायद्यात कलम ९३ आहे. वारंवार सापडणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेता येतो. हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ पासून वेगळा कायदा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामसभेला ग्रामरक्षक दल नेमण्याचा अधिकार दिला. कायदे कमी नाहीत. कलम ९३ चा प्रस्ताव पाठवला का, असं ठाण्यात जाऊन विचारणारी माणसं हवीत, आणि ती पुरुषही हवीत. आडव्या बाटलीच्या लढाईत पुढे बायका, सह्या करणाऱ्या बायका, रात्री पाळत ठेवणाऱ्या बायका. न पिणारे पुरुष गावात कमी नसतात. ते घरात बसून 'चांगलं चाललंय' म्हणतात. वाईटपणा घ्यायची पाळी त्यांच्यावरही यायला हवी.

पिणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न गावाची सभा बहुतेक वेळा विचारतच नाही. राळेगणसिद्धीत दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून मारत, हे अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितलेलं आहे. राळेगणच्या पाण्याच्या कामाबद्दल आदर ठेवूनही मला तो मार्ग मान्य नाही. गावाचा राग विकणाऱ्यावर निघायला हवा. पिणारा आजारी आहे. शिवाय इथे जिवाचा धोका आहे, तो फारसा कुणी बोलत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू लागतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं, आणि त्याला दवाखान्याऐवजी देवऋषाकडे नेतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावतो. ज्या दिवशी दुकानाला सील लागतं, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवण्याची तरतूद हवी. मी अनेक गावांत विचारलं. असं पत्र कुठेही गेलेलं नव्हतं.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचं बळ त्यामागे होतं. तिथले उपचार ३५ दिवसांचे. पण त्या घराने महाराष्ट्राला शिकवलेली मोठी गोष्ट म्हणजे छत्तिसाव्या दिवसानंतरची सोबत. बरा होऊन गेलेला माणूस ठरल्या दिवशी पाठपुराव्याच्या बैठकीला येतो, त्याची बायको इतर सहचरींबरोबर बसते आणि आजवर कुणाला न सांगितलेलं बोलते. हे गावात का होऊ नये? आठवड्यातून एक संध्याकाळ, समाजमंदिरातली एक खोली आणि सोडून वर्ष झालेला एक माणूस, इतक्यावर सुरुवात होते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे; तो नंबर रेशन दुकानावर आणि पाण्याच्या टाकीवर रंगवायला फार खर्च नाही.

आता तंबाखू. तिला आडवी करायला मतपत्रिका नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे त्यात अवघे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडे तंबाखू म्हणजे गालात, ओठाखाली, दातावर. पश्चिम महाराष्ट्रात ती मिश्री होऊन सकाळी चुलीपुढे बायकांच्या बोटावर असते. विदर्भात पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून तळहाताने घोटून खर्रा बनतो, आणि तो घ्यायला शाळकरी पोरंही उभी असतात. त्या अंगणवाडीतल्या बैठकीतही मिश्रीची डबी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्या बायकांना मी नावं ठेवत नाही. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला दुसरा विसावा कुणी दिला आहे? पण तोंडाच्या कर्करोगाला तिच्या कष्टांची कदर नाही, आणि दारूच्या बैठकीत हा विषय निघाला तर तो तिला उपदेश न वाटता स्वतःच्या तब्येतीचा वाटतो. दंतवैद्याचं एक शिबिर गावात घेतलं, तोंडातले पांढरे चट्टे आरशात दाखवले, तर भाषणाची गरज उरत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र सौम्यपणा नको. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पण त्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच. त्याहून कडक तरतूद बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये आहे. मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळा व्यवस्थापन समितीने हे कलम छापून टपरीवाल्याच्या हातात द्यावं आणि पोच घ्यावी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या माळेसारख्या लटकत नसल्या तरी मिळतात, हे आपण सगळे जाणतो. आजवर शहरात असलेली एमडी ही नशेची पावडर आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्याच्या बातम्या येत आहेत. जे गाव शाळेजवळचा खर्रा थांबवू शकत नाही, ते पावडर कशी थांबवणार?

सरकारकडे माझी मागणी दोन बदलांची आहे. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतदानाच्या बहुमतावर लागावा. फार तर किमान मतदानाची एक अट ठेवा. आणि मतदानाची तारीख ठरवताना गाव ऊसतोडीला गेलं आहे का, हे तहसीलदाराने पाहावं. हे होईपर्यंत मागणीचा अर्ज करू पाहणाऱ्या गावांनी सह्यांच्या आधी यादी हातात घ्यावी. वारलेल्या आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्या बायकांची नावं वगळण्यासाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे नमुना ७ चे अर्ज भरावेत आणि त्यांच्या पोचपावत्या जपून ठेवाव्यात. या कामाला दोन-तीन महिने सहज लागतात, म्हणून सह्यांची मोहीम त्यानंतरच काढावी.