न जुळणाऱ्यांची मैत्री

वर्षभर एक वाक्य माझ्या कानाला टोचतं आहे : ‘आमची वेव्हलेंग्थ जुळते.’ स्थळ बघताना, भाडेकरू ठेवताना, सहलीचा ग्रुप जमवताना, बंगळूरच्या आपल्या मराठी घरांत हे ऐकू येतंच. या अंकासाठी ‘मैत्री’ हा विषय जाहीर केला, तर आलेल्या बहुतेक कथांतही तेच. दोघं एका वयाची, एका कॉलेजातली, एकाच पगाराची. आडनावं पाहिली तर जातही एकच. वाचून मला राग आला. आपल्यासारख्याच माणसावर जीव लावायला असं काय मोठं लागतं?

मी ज्या मैत्र्या वाचत वाढले त्या अशा नव्हत्या, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या कितीतरी अमेरिकेतून आल्या होत्या. पु. लं.नी 1965 साली मराठीत आणलेलं हेमिंग्वेचं ‘एका कोळियाने’ आठवा. म्हाताऱ्या सांतियागोला 84 दिवस मासा मिळालेला नाही. चाळीस दिवसांनंतर त्याच्या सोबतच्या पोराला, मनोलिनला, आईबापांनी दुसऱ्या होडीवर धाडलं आहे. तरी मनोलिन रोज संध्याकाळी येतो, सामान उचलू लागतो, जेवण आणून देतो. किंवा ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन यांनी मराठी केलेलं ‘पाडस’. ज्योडीने जिवापाड वाढवलेलं पाडस पीक खातं आणि अखेर त्यालाच बंदूक उचलावी लागते. मेलव्हिलच्या 1851 च्या ‘मोबी डिक’मध्ये इश्माएलला खाणावळीत अंगभर गोंदलेल्या परक्या क्वीक्वेगबरोबर एकाच बिछान्यावर झोपावं लागतं. रात्री तो भीतीने ओरडतो. शेवटी त्याचा जीव वाचतो तो याच क्वीक्वेगसाठी बनवलेल्या शवपेटीला धरून.

तरी माझ्या लेखी सगळ्यांत वरची मैत्री मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधल्या हकची आणि पळालेला गुलाम जिम याची. स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’मधल्या जॉर्जने लेनीला कितीही सांभाळलं, तरी तो त्याचा पालकच राहतो. हकचं तसं नाही. पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे चोरी आणि पाप, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि त्याला ते मनापासून पटलेलंही आहे. जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र तो लिहून काढतो. मग त्याला तराफ्यावरच्या रात्री आठवतात. आपला पहारा संपला तरी जिम त्याला उठवत नसे, त्याच्या वाट्याचाही पहारा स्वतःच करी. हक पत्र फाडतो. आपण आता नरकात जाणार, असं त्याला खरोखर वाटतं आणि तरीही तो फाडतो. मैत्रीची किंमत इतकी स्वच्छ मांडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. पुढे टॉम सॉयर येतो आणि जिमच्या कैदेचा खेळ होतो, तिथे मार्क ट्वेनने स्वतःच्याच कादंबरीवर अन्याय केला, असं माझं मत आहे. शिवाय सगळं सांगतो तो हक. जिमची बाजू पर्सिव्हल एव्हरेटने ‘जेम्स’मध्ये मांडली आणि 2025 मध्ये त्या कादंबरीला पुलित्झर मिळालं.

भाषेचं अंतरही असंच ओलांडता येतं. त्याच वर्षी बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. सप्टेंबरात कन्नड कादंबरीकार भैरप्पा गेले. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना उमा कुलकर्णींच्या मराठीतून वाचलं, आणि ते परक्या भाषेतले आहेत हे कधी जाणवलं नाही.

आता बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीतलं, माझ्या घरातलं सांगते. माझे वडील निवृत्तीनंतर रत्नागिरीहून इथे आले. त्यांना कन्नड येत नाही. त्यांची मैत्री जमली ती गावातल्या एका वृद्ध शेतकऱ्याशी. त्या वृद्धांकडे चक्कोत्याची, म्हणजे आपल्या पपनसाची झाडं आहेत. एक मराठीत बोलतो, दुसरा कन्नडात. गणपतीत ते आमच्याकडे चक्कोता घेऊन आले, तर वसाहतीच्या फाटकावर त्यांना बराच वेळ उभं केलं गेलं. ‘असे लोक’ आत का येतात, अशी विचारणाही वसाहतीच्या ग्रुपवर झाली. विचारणारी माणसं आपलीच, मराठी. वडील काही बोलले नाहीत. तेव्हापासून ते संध्याकाळी बाहेर जातात आणि दोघं किल्ल्याच्या तटाशी बसतात.

15 जुलै 2025 ला देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीतल्या, म्हणजे महसुली मंडळातल्या, 1,777 एकरांचं भूसंपादन सोडून दिल्याचं कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ लढत होते. त्या वृद्धांच्या बहिणीची जमीन त्यात होती. त्या संध्याकाळी वडील उशिरा परतले. काय बोलणं झालं, विचारलं. म्हणाले, “त्यांनी माझा हात धरला होता. सोडलाच नाही.”

वाचकहो, पुढच्या अंकासाठी मला अशी कथा, असा लेख हवा आहे. ज्याची भाषा, वय, जात, कमाई यांतलं काहीच तुमच्याशी जुळत नाही आणि ज्याच्यासाठी तुम्हाला काहीतरी सोसावं लागलं, अशा एका माणसाबद्दल लिहा. मजकूर येत्या जुलैअखेर पाठवा. वडिलांनी मला त्यांचा लेख लिहून द्यायचं कबूल केलं आहे.