अर्जात ‘बेग’ कशाला?



मुलगी बारावी झाली, कुठे नोकरीची जाहिरात निघाली आणि अर्ज इंग्रजीत लिहायचा असला, की सगळे घर त्या एका कागदाभोवती बसते. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते, आणि आपल्या पुष्कळ आई-वडिलांची शाळा त्याच सुमारास सुटली. तेव्हा मुलांनी विचारले, ‘हे बरोबर आहे का?’ तर सांगणार कोण? म्हणून नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न आज आम्ही घेत आहोत.

इंग्रजीचे नियम ठरवतो कोण?

फ्रेंच भाषेसाठी १६३५ साली फ्रान्समध्ये अकादमी स्थापन झाली. इंग्रजीवर हुकूम चालवणारी अशी सरकारी संस्था नाही. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश १८८४ पासून भागाभागाने निघाला व १९२८ साली पुरा झाला. पण तोही हुकूम देत नाही. लोक शब्द कसा वापरतात, त्याची पुराव्यानिशी नोंद ठेवतो. ठरलेली तारीख अलीकडे आणणे याला आपल्याकडे ‘प्रीपोन’ म्हणतात. आज हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे.

मग नियमच नाहीत का? आहेत. पण शिकणाऱ्याने तीन ढीग वेगळे करावेत : खरे नियम, छापखान्यांचे रिवाज आणि नुसत्या समजुती. सगळे एकत्र डोक्यावर घेतले की भीती वाटते.

खरे नियम कोणते?

जे मोडले की वाक्यच बिघडते, ते खरे नियम. आपली मुले इथे चुकतात ती बहुधा मराठीच्या सवयीने. मराठीत ‘जूनपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ चालते. म्हणून मुले लिहितात, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’. हे चूक. कधीपासून ते सांगायचे तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचे तर ‘फॉर’. बरोबर वाक्य असे : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’

‘डिड नॉट वेंट’ चूक, ‘डिड नॉट गो’ बरोबर. ‘डिड’ने भूतकाळ एकदा सांगितला, आता पुढच्या क्रियापदाने तो पुन्हा सांगायचा नाही.

‘अ’ आणि ‘ॲन’ हे अक्षर बघून ठरत नाही, उच्चार ऐकून ठरते. ‘युनिव्हर्सिटी’चा उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ म्हणजे तास, त्यातला एच मुका, म्हणून ‘ॲन अवर’. त्याच न्यायाने ‘अ बी.ए.’ पण ‘ॲन एम.ए.’

दोन पुस्तकांत दोन तऱ्हा दिसतात, खरी कोणती?

बहुतेक वेळा दोन्ही. छापखान्यात एकाच पुस्तकात एक शब्द दोन तऱ्हांनी येऊ नये, म्हणून प्रत्येक मोठ्या छापखान्याने आपले नियम बांधले. ऑक्सफर्डच्या छापखान्याचे होरेस हार्ट यांनी १८९३ साली असे नियम छापले, ते खिळे जुळवणाऱ्या आपल्या कामगारांसाठी. बाहेरच्या लोकांना ते १९०४ साली विकत मिळू लागले. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याचे असे पुस्तक १९०६ साली निघाले. तीन वस्तूंची यादी लिहिताना ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा असे ऑक्सफर्ड आणि शिकागो सांगतात. पुष्कळ वर्तमानपत्रे तो देत नाहीत. ‘कलर’ शब्दात इंग्लंडमध्ये यू आहे, अमेरिकेत नाही. यात पाप-पुण्य काही नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकात जे आहे ते धरा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच चालवा.

वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘फॉर’, ‘टू’ चालतात का?

चालतात. हे चूक आहे असा बोभाटा करणारांत जॉन ड्रायडन हा इंग्रज कवी आघाडीवर होता. १६७२ साली त्याने बेन जॉन्सन या आधीच्या नाटककाराची ही ‘चूक’ काढली. पुढे स्वतःच्या जुन्या लिखाणातूनही त्याने अशी वाक्ये बदलून टाकली. लॅटिनमध्ये असे चालत नाही. पण लॅटिनचे माप इंग्रजीला कशाला? हेन्री फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजीच्या वापराचा प्रसिद्ध कोश काढला. त्यात त्यांनी या समजुतीला चक्क अंधश्रद्धा म्हटले आहे. ‘हू आर यू टॉकिंग टू?’ हे सरळ, बोलते इंग्रजी आहे. ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करणेही असेच. मात्र परीक्षेत तपासणारे गुरुजी जुन्या मताचे असू शकतात. तिथे वाद न घालता पुस्तकी रीत पाळावी.

अर्ज कसा लिहावा?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अजून अर्ज सुरू होतो तो ‘मोस्ट हम्बली आय बेग टू स्टेट’ असा, आणि संपतो ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असा. ‘बेग’ म्हणजे याचना, ‘सर्व्हंट’ म्हणजे चाकर. ही ब्रिटिश कचेऱ्यांतली जुनी शिष्टाचाराची भाषा आहे. तिथलेच एक वरिष्ठ अधिकारी सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ साली ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले. साहेबलोकांनी साधे, थोडक्यात आणि जनतेला समजेल असे लिहावे, हा त्याचा विषय. साहेबाला जो बोजडपणा सोडायला सांगितला, तो आपल्या मुलीने का उचलावा?

व्याकरणाचा कोणताही नियम ‘बेग’ लिहा म्हणून सांगत नाही. इतके लिहिले तरी पुरे : ‘आय विश टू अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ क्लार्क. आय पास्ड द ट्वेल्थ स्टँडर्ड एक्झामिनेशन इन २०२४. आय कॅन टाइप इन मराठी अँड इंग्लिश. कॉपीज ऑफ माय सर्टिफिकेट्स आर एन्क्लोज्ड.’ वर ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर खाली ‘युअर्स फेथफुली’. अधिकाऱ्याचे नाव घेऊन सुरुवात केली असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. यात उद्धटपणा नाही, आणि लाचारीही नाही. आपली लायकी सांगितली, कागद जोडले, खाली सही केली.

माता-भगिनींनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी एक काम तुम्ही करू शकता. अर्ज लिहून झाला की तो मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत विचारा. ज्या वाक्याचा अर्थ त्याला सांगता येत नाही, ते कुठून तरी उतरवलेले असते. ते खोडायला लावा आणि त्याच्या मनात जे आहे ते साध्या शब्दांत लिहवून घ्या. मग ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘डिड’ एकदा तपासा, आणि अर्ज टपालात टाका.