दोन उतारे



हंगाम सुरू झाला की पारावर, हॉटेलात, सोसायटीच्या ओट्यावर एकच विषय असतो. उतारा किती पडला? पॉइंट दोन वर आला की खाली गेला? उसाची एफआरपी त्या उताऱ्यावर ठरते, तेव्हा ही चौकशी रास्तच आहे. गाडी काट्यावर चढली की आपण किलोकडे डोळा ठेवून उभे राहतो. पण दुसरा एक उतारा आहे, त्याची चौकशी आपल्यापैकी कोणीच करीत नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोराला पुस्तकातला साधा उतारा वाचता येतो का?

घरची गोष्ट सांगतो. मागल्या हंगामात चष्मा विसरलो म्हणून वजनाची पावती नातवाच्या हाती दिली. पोरगं पाचवीत. आकडे त्यानं बरोबर सांगितले, पण खाली छापलेल्या दोन ओळी वाच म्हटल्यावर अक्षरावर बोट ठेवून उभं राहिलं. शेवटी म्हणालं, "आबा, हे आमच्या पुस्तकात नाही." घरी येऊन प्रगतिपुस्तक काढलं, तर श्रेणी सगळ्या बऱ्या. दोष एकट्या गुरुजींवर ढकलून मी मोकळा होत नाही. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण मिळतं, पोरगं रोज जातं, म्हणजे शिकतंयच, असं धरून मीही पाच वर्षं काढली. चार ओळी कधी वाचून घेतल्या नाहीत.

हे एका घरचं दुखणं नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत गावोगाव घरी जाऊन पोरांकडून प्रत्यक्ष वाचून घेतात. २०२४ सालच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक पोरं तीन इयत्ता मागे. कोरोनानंतर २०२२ साली हाच आकडा ३८.५ होता. दोन वर्षांत सहा टक्क्यांनी चढला, म्हणजे हात लावला तर फरक पडतो.

असं होतं का, ते उसाच्या भाषेत सांगतो. लागण झाल्यावर नांग्या वेळेत भरल्या नाहीत, तर पुढं कितीही खत टाका, त्या जागी ऊस येत नाही. शाळेत तेच होतं. दुसरीत पोराची जोडाक्षरं राहिली. तिसरीत तिसरीचं पुस्तक सुरू झालं, चौथीत चौथीचं. अभ्यासक्रम पुरा करायचा म्हणून गुरुजी पुढं चालले आणि पोरगं दुसरीतच थांबलं. वर दोन शिक्षक नि पाच वर्ग अशी कितीतरी शाळांची गत, शिवाय माहिती भरण्याचा रोजचा व्याप. नांग्या भरायला सवडच कुठं?

याला उपाय आहे आणि तो करून पाहिलेला आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोद्याच्या महापालिका शाळांत मागे पडलेली पंधरा-वीस पोरं रोज दोनेक तास बाजूला घेऊन 'बालसखी' त्यांना मुळाक्षरापासून शिकवीत. तिथली पोरं सुधारली, हे मोजून सिद्ध झालं. अशा अभ्यासांत पुढाकार घेणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढं २०१२-१३ साली हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवली. तिसरी ते पाचवीची पोरं वाचता येईल त्या पातळीप्रमाणं बसवली. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले. पोरांचं वाचन वाढलं, गणितात मात्र फरक पडला नाही. उलट बिहारमध्ये काही शाळांत नुसतं साहित्य पोचवलं, त्यानं काहीच साधलं नाही.

यातून आपण काय घ्यायचं? आपण गावकरी वर्गणी काढतो ती कमानीला, रंगाला, टीव्हीला. ते वाईट नाही. पण माती परीक्षण न करता खत टाकण्यापैकी ते आहे. आधी पोर कुठं अडलंय ते बघा.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे सत्ता आपल्याच हाती आहे. समितीच्या पुढच्या सभेत एवढंच मागा : प्रत्येक पोराचं वाचन एकेकट्याचं बघा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, कुठवर येतं ते लिहून ठेवा. रोज एक तास पातळीप्रमाणं गट करा. दिवाळीआधी आणि संक्रांतीनंतर पुन्हा बघा. गुरुजींना आरोपी करू नका. त्यांचा तो एक तास कोणी मोडणार नाही, ही जबाबदारी समितीनं घ्यावी.

कोणी म्हणेल, आमची पोरं बसनं इंग्रजी शाळेत जातात, आम्हाला काय त्याचं? खरं दुखणं इथंच आहे. सभेत ताठ उभं राहून विचारणाऱ्यांची पोरं शाळेतून गेली, तेव्हा विचारणारंही कोणी उरलं नाही. मागं राहिली ती गरिबाची.

आणि आपल्याच फडातली. बीडकडून आलेल्या टोळीसोबत पोरंही येतात, ऐन सहामाहीत शाळा सोडून. वाढं गोळा करतात, धाकटं भावंड सांभाळतात. स्थलांतरित कुटुंबाच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे कायद्यानं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. पण कोपीपर्यंत जाऊन पोरं मोजणार कोण? टोळी ज्याच्या रानात, त्याला हे सहज जमेल. मुकादमाला विचारा, नावं गुरुजींना द्या. ज्यांच्या हातानं आपली साखर होते, त्यांच्या पोरांच्या हाती पाटी द्यायला आपलं काय जातं?

१८८२ साली हंटर आयोगापुढं जोतिराव फुल्यांनी सांगितलं होतं की सारा शेतकरी भरतो आणि शिक्षण वरच्यांना मिळतं. आज शाळा गावागावात आहे, शिक्षक सरकारी पगारावर आहे. उरलंय ते फक्त विचारणं.

आज रात्री जेवणं झाली की पोराला जवळ बोलवा आणि हेच बातमीपत्र त्याच्या हाती द्या. चार ओळी वाचून घ्या. काय उतारा पडतो तो बघा, मग समितीच्या सभेला या.

— एक ऊस उत्पादक सभासद